चुकीच्या पंधरवड्यातला पाहुणा

उडदाची डाळ वाटून झाली होती, अळू चिरून झालं होतं, परसातल्या केळीची पानं पुसून भिंतीला उभी करून ठेवली होती, आणि नेमकी तेव्हा तुळसाआत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, की आज तिच्या बापाचं पान वाढायचं नाही.

दर्शनाने हातातली परात खाली ठेवली. म्हाळाच्या दिवशी पितरांना पान दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, हा तिचा या घरात सून म्हणून आल्यापासूनचा नेम. त्यामुळे पान वाढायचं की नाही या प्रश्नात तिचं स्वतःचं पोटही गुंतलेलं होतं. तिने पाट सरकवला आणि नणंदेला बसायला लावलं.

वद्य चतुर्दशी म्हणजे शस्त्राने गेलेल्यांची तिथी. या घरातून शस्त्राने गेलेला माणूस एकच, तुळसाआत्याचा बाप काशीराम. दुसऱ्या महायुद्धाच्या मोठ्या लढाईत तो समुद्रापार गेला, इटलीत पडला, घरी तार आली. पण त्याची बायको हौसा हिने ती तार मानली नाही. कागद आला, माणूस कुठे आला, असं ती म्हणे. कपाळाचं कुंकू तिने शेवटपर्यंत पुसलं नाही आणि जाताना मुलीला एवढंच सांगून गेली, की त्यांच्याकडून काहीतरी निरोप येईल, तोवर त्यांचं पान वाढू नका. घरातल्या सगळ्या पितरांना दरवर्षी वडे-खीर मिळे; काशीराम मात्र इतकी वर्षं उपाशी होता.

यंदा ते बदलायचं ठरलं होतं. दर्शनाची लेक मनस्वी रत्नागिरीच्या शाळेत इतिहास शिकवायची आणि सुट्टी मिळाली की काशीरामच्या मागे लागायची. माजी सैनिकांच्या मेळाव्यांना जायची, जयगडच्या खाडीच्या दोन्ही अंगांच्या वाड्या पालथ्या घालायची, म्हातारी माणसं दिसली की पडवीत जाऊन बसायची. गणपतीच्या आधी तिने इटलीतल्या एका भिंतीचा फोटो आणला. तिकडे दहन केलेल्या शिपायांची नावं त्या भिंतीवर कोरलेली होती आणि त्यात काशीराम होता. तुळसाआत्याने त्या नावावरून हळूच बोट फिरवलं, तसा मोबाइलवरचा फोटो सरकला आणि मनस्वीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक पुढे आला. सगळे खूप हसले होते त्या दिवशी. आत्याही. आणि त्या हसण्याच्या भरातच तिने पानाला होकार दिला होता.

“मग आज काय झालं, वन्सं?” दर्शनाने विचारलं.

आत्याने परात बाजूला सारली. तिची ऐंशी उलटली होती, पण बसायची ताठ.

“दिवा लावताना मनात आलं. पान वाढलं की हात जोडून सांगायला लागतं ना, मी अमकी, तुझी अमकी लागते, जेवून घे. मी काय सांगू? तुझी मुलगी आलेय म्हणून? त्याला मुलगी हाय हे ठाव तरी होतं काय गो?”

काशीराम बोटीवर चढला तेव्हा हौसाला दिवस गेलेले होते. मुलगी झाली तेव्हा जयगडचा एक नवा शिपाई त्याच पलटणीत जायला निघाला होता. हौसाने त्याच्याकडेच तोंडी निरोप दिला. तो शिपाईही परत आला नाही. निरोप पोचला की वाटेतच राहिला, हे विचारायला माणूसच उरला नाही. नवरा आला की बारसं करू म्हणून हौसाने बारसंही केलं नव्हतं. पोर दिवसभर तुळशीपाशी गोधडीवर पडून असे, म्हणून शेजारणी तिला तुळसा म्हणू लागल्या, तेच नाव झालं. पुढे वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या कानात नाव सांगायला तिलाच बोलावणं येऊ लागलं, कारण तिच्या हाताला गुण आहे असं म्हणायचे. अख्ख्या वाडीची ती आत्या. तिच्या स्वतःच्या कानात मात्र कुणी कधी काही सांगितलं नव्हतं.

दर्शनाचा नवरा राजेंद्र ओटीवर पंचांग घेऊन बसला होता. बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घरातले सगळे मुहूर्त त्याने आपल्याकडे घेतले होते. बायकोने येऊन बातमी दिली तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा एवढंच निघालं, “म्हणजे? मग वडे?”

मग तो उठून आत गेला. त्याचंही काही खोटं नव्हतं. त्याचे वडील जानू हे काशीरामचे धाकटे भाऊ. शेवटच्या दुखण्यात ते पुन्हा पुन्हा म्हणत, दादाला एकदा जेवायला घाला रे. राजेंद्रने तो शब्द मनावर घेतला होता, आणि यंदा तो पाळला जाणार म्हणून तो काल जयगडच्या बाजारातून भेंडी-गवार स्वतः निवडून आणून बसला होता.

“अक्का, मी बाबांना शब्द दिलाय,” तो म्हणाला.

“तुझ्या बापाला दादा आठवत होता. त्याच्या खांद्यावर बसून शिमगा बघितलेला त्यानं. मला काय आठवतं ते सांग.”

“अगं पण पितराला आपल्या आठवणीशी काय करायचंय? पान दिसलं की झालं.”

“तुला पान दिसलं की झालं,” आत्या म्हणाली. “तो तुझ्यासारखाच असंल असं कशावरून?”

दर्शनाला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. एरवी चारचौघांत ती नवऱ्याच्या बाजूने उभी राहायची. खोलीचं दार लावल्यावर काय ते सांगायची. आज मात्र ती हळूच म्हणाली, की वन्सं म्हणतात त्यात तथ्य आहे. राजेंद्रने तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी नोकरीत असताना साहेबाने ऐनवेळी सही नाकारल्यावर त्याची होत असे.

“तू सकाळपासून पाण्यावाचून आहेस. तुला भूक नाही लागली?”

“लागलीय. तरी.”

राजेंद्र पुन्हा ओटीवर जाऊन बसला. चुलीवरची कढई तशीच राहिली, वड्यांचं पीठ झाकून ठेवलं, आणि घर वाट बघू लागलं. कशाची, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मनस्वी सोडून.

मनस्वी त्या वेळी जयगडच्या धक्क्यावर उभी होती. पलीकडून, तवसाळहून फेरीबोट निघाली होती. मागच्या संकष्टीला हेदवीच्या दशभुज गणपतीला गेली असताना देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बाईला तिने सवयीने विचारलं, इकडचं कुणी त्या मोठ्या लढाईत होतं का, आणि बाई म्हणाली, आमच्या शेजारच्या जाईबाईंचे वडील, केरू, होते की त्या लढाईत. मनस्वी तडक त्यांच्याकडे गेली. जाईबाईंनी काशीरामचं नाव ऐकलं, मनस्वीला जवळ ओढून तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, त्यांची मुलगी आहे का गो? आहे म्हटल्यावर त्या पुढचं काही सांगेनात. “बाबांचा निरोप हाय. तो ज्याचा त्यालाच द्यायचा. तू मधे पडू नकोस.” घरातले सगळे एकत्र असतील असा दिवस मनस्वीला हवा होता, म्हणून तिने आजचाच दिवस सांगितला. म्हाळाच्या दिवशी दारात आलेल्या परक्या पाहुण्याचा भलताच अर्थ लागू शकतो, याचा तिने विचार केला नव्हता. आईने फोनवर सकाळचा प्रकार सांगितला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. पण तोवर बोट अर्ध्या खाडीत होती.

बोटीतून उतरलेली गाडी घराच्या पायऱ्यांशी येऊन थांबली. मनस्वी पुढे स्कूटरवर होती. गाडीतून आधी उतरला तो जाईबाईंचा मुलगा संदेश. पन्नाशीचा, धिप्पाड, पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळाला गंध. तो पायऱ्या चढू लागला आणि ओटीच्या कठड्याशी उभ्या तुळसाआत्याने त्याला पाहिलं.

म्हाळाला पितर बसवायची या भागातली रीत. गेलेल्या माणसाच्या जागी कुणीतरी बाप्या माणूस पानावर बसवायचा, त्याला जेवू घालायचं, तो जेवला की पितर जेवला. आत्याने एकदा त्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, एकदा राजेंद्रकडे, आणि तिच्या मनात सगळं पक्कं झालं.

“तिथंच थांबा,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुमचा काय दोष नाय. पण पितर म्हणून आला असाल तर आमच्यात आज पान नाय. राजेंद्र, तू मला न विचारता माणूस बोलावलास.”

“मी?” राजेंद्र म्हणाला. “अक्का, मी ह्यांना ओळखतसुद्धा नाही.”

संदेशचा एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. तो म्हणाला, “मी नुसता गाडी चालवत आलोय, मावशी.”

तेवढ्यात गाडीच्या मागच्या सीटवरून हसण्याचा आवाज आला. गाडीच्या दाराला धरून एक ठेंगणी म्हातारी उतरत होती आणि हसत होती, उतरणं आणि हसणं एकदम जमेना म्हणून मधेच थांबत होती.

“हेच,” जाईबाई म्हणाल्या. “अगदी ह्याच पायरीवर. माझ्या बापालापण असंच थांबवलं होतंन तुमच्या आईनं.”

राजेंद्रच्या डोक्यात काहीतरी हललं. बाबा सांगायचे, लढाई संपल्यावर एकदा एक शिपाईगडी आला होता, वहिनीने त्याला दारातूनच परत पाठवलं, मग तो बराच वेळ विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला आणि उठून गेला. पुढे तो कोण, कशाला आला होता, हे कुणी विचारलं नव्हतं.

“तुम्ही वर या,” राजेंद्र म्हणाला, आणि स्वतः खाली उतरून त्याने जाईबाईंचा हात धरला.

त्यांना झोपाळ्यावर बसवलं. गूळ-पाणी दिलं. दर्शना दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. जाईबाईंनी पाणी पिऊन तोंड पुसलं आणि मग जे सांगितलं ते सांगताना त्यांना घाई अशी कसलीच नव्हती. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेलं होतं, की कुठे थांबायचं ते पाठ झालेलं होतं.

केरू पलटणीतून परत आला तो पावसाच्या शेवटी. घरी दोन दिवस काढले आणि तरीच्या होडीतून खाडी ओलांडून इकडे यायला निघाला. तो पितृपक्ष आहे हे त्याच्या ध्यानातही नव्हतं; इतकी वर्षं परमुलखात काढलेल्या माणसाला तिथीवार कुठला? दारात आला आणि हौसाने पाहिलं, की म्हाळाच्या दिवशी खाकीतला एक परका बाप्या पायऱ्या चढतो आहे. तिला वाटलं, सासरच्यांनी आपल्या नवऱ्याचा पितर बोलावला. ती म्हणाली, माझ्या माणसाचं पान जेवायला आला असशील तर आल्या वाटेनं परत जा. केरू काही बोलायच्या आत दार लागलं. तो त्या बाईवर कधी रागावला नाही. म्हणायचा, तिचं बरोबर होतं, मीच चुकीच्या पंधरवड्यात गेलो.

“पुन्हा का आले नाहीत?” मनस्वीने विचारलं.

“यायचे होते. मग लगीन झालं, आम्ही झालो, मुंबईला गिरणीत गेले. दरवर्षी म्हणायचे, यंदा जाईन. पण त्या दाराची भीती बसलेली त्यांच्या मनात. लढाईची नाय बसली, दाराची बसली.”

तुळसाआत्या अजून उभीच होती. तिने एक हात कठड्यावर ठेवला होता. “पान जेवायला आले नव्हते, तर कशाला आलेले?”

“तुझ्या बारशाचं सांगायला,” जाईबाई म्हणाल्या.

आत्या खाली बसली. बसायला काय आहे ते तिने पाहिलं नाही. दर्शनाने वेळेवर पाट सरकवला म्हणून बरं.

जयगडच्या त्या नव्या शिपायाने निरोप पोचवला होता. इटलीत कुठल्याशा नदीच्या अलीकडे पलटण थांबली होती, छप्पर उडालेल्या एका दगडी घरात ही कोकणातली पोरं राहिली होती. मुलगी झाली हे ऐकून काशीराम म्हणाला, आज बारसं करायचं. दोन खांबांना कांबळं बांधून पाळणा केला. पाळण्यात घालायला मूल नाही, म्हणून नदीतला एक गुळगुळीत गोटा धुऊन आणला, काशीरामने आपला मफलर त्याला गुंडाळला. पाळण्याखालून वर, वरून खाली, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं सगळं रीतसर. पाळणा कुणालाच पुरता येत नव्हता. पहिलं कडवं झालं आणि पुढचं आठवेना, तेव्हा एकाने शिमग्याच्या नमन-खेळातला गणपतीचा गण धरला आणि सगळ्यांनी तोच म्हटला. बाहेर पाऊस नि चिखल, आणि आत दाढी वाढलेले गडी पाळण्याची दोरी ओढताहेत. आवाज ऐकून हवालदार धावत आला, तर त्याच्या हातावर चहाची साखर ठेवून त्यालाही उभा केला.

“आणि आत्या?” दर्शनाने विचारलं. “आत्या कुठून आणली?”

जाईबाईंनी इतका वेळ याच प्रश्नाची वाट पाहिली होती.

“माझे बाबा. अंगानं बारीक, आवाज पातळ. डोक्यावर टॉवेल टाकलानी आणि गोट्याच्या कानात नाव सांगायला वाकले. नाव सांगताना आत्येच्या पाठीत धपाटे घालतात ना? ते सगळे पलटणीतले हात. आठवडाभर पाठ धरून होती म्हणायचे. म्हातारपणी पाठ दुखली तरी म्हणायचे, ही काशीरामच्या पोरीची पाठदुखी.”

ओटीवर पहिल्यांदा संदेश हसला. मग राजेंद्र. मग दर्शनाला पदर पुरेना. तुळसाआत्या हसत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. पुढचं जाईबाईंनी थोडक्यात सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती नदी ओलांडायची होती, आणि काशीराम पलीकडे पोचला नाही. पण मधले सगळे दिवस तो जो दिसेल त्याला सांगत होता, की मला मुलगी झाली.

“काय नाव ठेवलंनी?” आत्याने विचारलं.

जाईबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“आज नाय सांगायची.”

“म्हणजे?”

“पितृपक्षात कुणी नाव ठेवतं काय? माझा बाप एकदा चुकीच्या पंधरवड्यात आला तर एवढी वर्षं गेली. मी मुहूर्त नाय सोडायची. घट बसू देत. परवा सांगते.”

राजेंद्रने पंचांग उघडलंच होतं. पितृपक्षात मंगलकार्य नाही हे त्याचं स्वतःचं शास्त्र. पण बहिणीच्या तोंडाकडे पाहून तो पहिल्यांदाच पंचांगात एखादी पळवाट मिळते का ते शोधू लागला. मिळाली नाही. त्याने तसं सांगितल्यावर तुळसाआत्या म्हणाली, “राहू दे रे. इतकी वर्षं बिननावाची होते, आणखी दोन दिवसांनी मरत नाय.” मग जाईबाईंकडे वळून, “तुम्ही मात्र खाडी ओलांडायची नाय. तुम्ही इथंच राहायचं.”

“राहते की. आता तू मला तुम्ही म्हणू नको. तुझ्या आत्येची पोर मी. आतेबहीण लागते.” आणि मुलाला म्हणाल्या, “तू जेवून जा, संदेश. सांजच्याला कोंबड्या कोंड.”

आत्या उठली. तिने चूळ भरली, तोंडावर पाणी घेतलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, “निरोप आला. कढई चढव, दर्शना.”

वडे तळले गेले. पान तुळसाआत्याने स्वतः वाढलं. मीठ कुठे, चटणी कुठे, खीर कुठे, एकेक जागा बघून. पितर म्हणून संदेशच बसला, आणि जानूंच्या लेकाने, राजेंद्रने, त्याच्या पायावर पाणी घातलं. राजेंद्रला वाटलं बाबा बघत असतील. आत्याने हात जोडले तेव्हा ती काय म्हणते हे ऐकायला सगळे जवळ सरकले.

“बाबा, मी तुळसा. तुमची मुलगी. जेवून घ्या पोटभर.” मग ती म्हणाली, “तुम्ही ठेवलेलं नाव परवा कळंल. तेव्हा परत हाक मारते.”

संदेशने न लाजता वडे मागून घेतले. त्या दिवशी दर्शनाने पाण्याचा पहिला घोट घेतला तेव्हा उन्हं पार कलली होती, पण तिला ते पाणी फार गोड लागलं.

घट बसले त्या सकाळी वाडीतल्या बायका ओटीवर मावेनात. ज्यांच्या ज्यांच्या कानात आत्याने कधीकाळी नाव सांगितलं होतं त्यातल्या कितीतरी जणी आता सुना-नातवंडांच्या होत्या. त्या सगळ्या आल्या. पाळणा कुठला बांधायचा यावर थोडी चर्चा झाली, मग जाईबाईंनी झोपाळ्याकडे बोट केलं. झोपाळ्याला झेंडूची माळ घातली आणि तुळसाआत्याला त्यावर बसवलं. नवं हिरवं लुगडं, ताठ पाठ, पाय जमिनीला पोचत नव्हते. बायकांनी वरवंट्याला कुंची घातली आणि तो झोपाळ्याखालून वर, वरून खाली फिरवला, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. राजेंद्र बाप्या माणूस म्हणून बाजूला उभा होता. मनस्वीने त्याला झोपाळ्याची कडी धरायला बोलावलं आणि तो मुकाट्याने झोका देऊ लागला. पाळणा इथल्या बायकांना सगळा येत होता. तरीही पहिल्या कडव्यानंतर जाईबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं, आणि आपल्या कापऱ्या आवाजात नमनातला गण धरला. बापाने शिकवलेला. हळूहळू सगळ्यांनी तो उचलला.

मग त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि तुळसाआत्याच्या कानाशी वाकल्या. पाठीवर धपाटे बसू लागले. वाडीतल्या बायकांचे हात, भात लावणारे, सुटल्या जागी रोपं खोचून नांगी भरणारे, ते काही हलके नव्हते. त्या आवाजात जाईबाईंनी कानात सांगितलं,

“चिमा.”

तुळसाआत्या समोर बघत राहिली. कान अजून चांगले होते तिचे. लांबच्या सड्यावरची गुराची घंटा तिला ऐकू यायची. झोपाळा सावकाश थांबला. बायका वाट बघत होत्या, तिने आता काहीतरी बोलावं म्हणून.

“मला नाय गो ऐकू आलं नीट,” ती म्हणाली. “परत सांग.”

जाईबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पाठ चोळत सरळ होत होत्या त्या. पदर पुन्हा डोक्यावरून घेतला, बायकांना हात उचलायला सांगितलं, आणि पुन्हा वाकल्या.